किनाऱ्याकडे पाठ करून जेवताना

दुपारचे साडेबारा वाजले की म्हापशाच्या बाजारातल्या गल्ल्यांत तळणीचा वास सुटतो. रव्यात घोळवलेला बांगडा तव्यावर पडला की त्याचा चर्र आवाज रस्त्यापर्यंत येतो, आणि बाजारातली माणसं घड्याळाकडे न बघता उठतात. बँकेतले कारकून, कोर्टात तारखेला आलेले पक्षकार, कापडाच्या दुकानातली मुलं, केळी विकून टोपली रिकामी झालेली एक आजी. या माणसांच्या मागोमाग मी पहिल्यांदा गेले, त्या दिवशी मला गोव्याचं जेवण भेटलं. त्याआधी चार वेळा गोव्याला जाऊन आले होते.

आदल्या रात्री आम्ही पाच जण कळंगुट-बागा पट्ट्यातल्या एका झगमगीत ठिकाणी जेवलो होतो. जाडजूड मेनूकार्डात पनीर टिक्का, नूडल्स, पिझ्झा, बटर चिकन असं सगळं होतं. गोव्याचं म्हणावं असं शेवटच्या पानावर चार ओळींत. माशांपुढे किंमत नव्हती, ‘आकारानुसार’ एवढंच छापलेलं. विचारायचं राहून गेलं. बिल आलं तेव्हा सासूबाईंनी ते दोनदा वाचलं आणि खाली ठेवलं. त्यांचं माहेर वेंगुर्ल्याचं. पैसे गेल्याचं दुःख होतंच, पण ज्या बाईचं बालपण माशाच्या कालवणावर पोसलं, तिला गोव्यात येऊन फ्रीजरमधला मासा खावा लागला, हे मला जास्त लागलं.

सकाळी नवऱ्याने नाक्यावरच्या पायलटला विचारलं. पायलट म्हणजे गोव्यातला मोटारसायकल-टॅक्सीवाला. गाडीचा पिवळा मडगार्ड ही त्याची ओळख. दिवसभर गावोगाव फिरणारा आणि दुपारी घरी न जाता बाहेरच जेवणारा हा माणूस. कुठे जेवावं, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तो म्हणाला, “म्हापशां वचात. थंय बरें जेवण मेळटा.” कळंगुटहून म्हापसा जेमतेम दहा किलोमीटर.

ती खाणावळ एका जिन्याखाली होती. सहा टेबलं, भिंतीवर देवाची तसबीर, शेजारी नुकत्याच पुसलेल्या फळ्यावर खडूने चार नावं: बांगडा, विसवण, सुंगटां, तिसऱ्यो. विसवण म्हणजे आपली सुरमई, सुंगटं म्हणजे कोळंबी. बसल्याबसल्या स्टीलचं ताट पुढे आलं. मधोमध उकड्या तांदळाच्या भाताचा ढीग, त्याला टेकून वाटीत हुमण. नारळ, सुकी मिरची आणि धणे गुळगुळीत वाटून, आंबटाला सोलं (आमसुलं) घालून केलेलं, नारिंगी रंगाचं. त्यात दोन-तीन तिरफळं अख्खी तरंगत होती. तिरफळ चावायचं नसतं, त्याचा वास तेवढा कालवणात उतरू द्यायचा, हे सासूबाईंनी मुलांना तिथेच शिकवलं. बाजूला सुक्या सुंगटांची किसमूर (भाजलेला सुका जवळा, ओलं खोबरं, कांदा, चिमूटभर मिरची), एक भाजी, चमचाभर लोणचं, तळलेला बांगडा आणि पेल्यात सोलकढी. भात संपत आला की वाढणारी बाई न विचारता पुन्हा वाढायची, हुमणही. सासूबाईंनी तिसऱ्यांदा भात घेतला. पाच जणांचं बिल आदल्या रात्रीच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी आलं.

तेव्हापासून दर वर्षी गोव्याला गेलो की दुपारी किनाऱ्यावर थांबायचं नाही, असा आमच्या घरचा नियम झाला आहे.

किनाऱ्यावरचं जेवण महाग का, याची कारणं समजून घेतली तर तिथल्या माणसांवर राग धरायला जागा राहत नाही. वाळूवरचे शॅक हा हंगामी धंदा. पर्यटन खातं सोडत काढून परवाने देतं, पावसाळा सरल्यावर बांबू-झावळ्यांची उभारणी होते आणि मे अखेर सगळं उतरवावं लागतं. परवान्याचे पैसे, उभारणीचा खर्च, बाहेरून आणलेल्या आचाऱ्यांचे पगार आणि वर्षाची कमाई त्या सात-आठ महिन्यांत, खरं तर नाताळाच्या आसपासच्या काही आठवड्यांत, वसूल करायची. गिऱ्हाईक आज आलं ते परत येईल याची खात्री नाही. पंजाबातून आलेल्याला पंजाबी, गुजरातेतून आलेल्याला जैन, परदेशातून आलेल्याला त्याचं हवं असतं. मग मेनूकार्ड फुगतं आणि कशालाच धड चव येत नाही. आतल्या गावातल्या खाणावळीचं गणित याच्या अगदी उलटं. तिचं गिऱ्हाईक रोज तेच असतं. आज हुमण बिघडलं तर उद्या कचेरीतले सहा जण समोरच्या खाणावळीत दिसतील. तिथली चव राखली जाते ती रोज परत येणाऱ्या या माणसांच्या धाकाने.

आत म्हणजे कुठे? माझ्या मते फोंडा. पणजीहून तीसेक किलोमीटर, मडगावहून त्याहून कमी. आपल्याकडचे बहुतेक लोक मंगेशी, म्हार्दोळची म्हाळसा, कवळ्याची शांतादुर्गा असं दर्शन उरकतात आणि जेवायला परत किनाऱ्यावर धावतात. हे मला फार चुकल्यासारखं वाटतं. ही दैवतं मुळात इथली नाहीत. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांच्या राज्यात देवळं पाडली जाऊ लागली, तेव्हा भक्तांनी मूर्ती उचलून खाडीपलीकडे अंत्रुज महालात, म्हणजे आजच्या फोंडा तालुक्यात आणल्या. मंगेश कुठ्ठाळीहून, शांतादुर्गा केळशीहून, म्हाळसा वेर्ण्याहून. हा भाग पोर्तुगिजांच्या हाती गेला तो १७६३ च्या सुमाराला, तिसवाडी-बार्देस-साष्टीनंतर दोनशेहून अधिक वर्षांनी. त्यामुळे इथल्या स्वयंपाकघरात जुनी हिंदू गोमंतकीय पद्धत टिकून राहिली. देवाच्या नैवेद्याचं, अनेक भाज्यांचं खतखतं, अळसांद्याचं तोणाक (खोबऱ्याच्या वाटणातली उसळ), पावसाळ्यात अळंब्यांचं तोणाक, चणाडाळीचं गोड मणगणें. फोंड्याच्या बाजारात आणि बसस्टँडच्या आसपास या चवी अजून रोजच्या आहेत. देवळांच्या आवारातल्या अग्रशाळा (भक्तनिवास) आणि कँटीनही विसरू नका. शाकाहारी मंडळींना याहून स्वच्छ आणि स्वस्त ताट क्वचित मिळेल.

पणजीही सोडू नका, फक्त मांडवीच्या काठावरून दोन गल्ल्या आत वळा. कॅफे टाटो, कॅफे भोसले ही जुनी नावं सकाळच्या भाजीपावासाठी. ३१ जानेवारी रस्त्यावरचं आनंदाश्रम मासळीच्या ताटासाठी गोव्यातल्या लोकांच्याच तोंडी आहे. बाकीच्या खाणावळींची नावं मी मुद्दाम देत नाही. आचारी बदलतो, मालकाचा मुलगा परदेशी जातो, जागा विकली जाते. नावापेक्षा चांगली खाणावळ ओळखायची कशी, हे सांगितलेलं जास्त काळ उपयोगी पडेल.

सगळ्यात आधी पाटीबद्दल. महाराष्ट्रात ‘बार अँड रेस्टॉरंट’ दिसलं की मुलाबाळांना घेऊन आपण पुढे जातो. गोव्यात तसं करू नका. तिथे दुपारच्या मासळी-भाताच्या कितीतरी चांगल्या जागांवर हीच पाटी असते, आणि आत शाळेच्या शिक्षिका, सरकारी कर्मचारी, घरची मंडळी शांतपणे जेवत असतात. पाटीपेक्षा बाहेर उभ्या गाड्या बघा. गोव्याच्या नंबराच्या स्कूटर, टेम्पो आणि पायलटच्या गाड्या दिसल्या तर निःशंक आत शिरा. फळ्यावर खडूने लिहिलेली, रोज पुसली जाणारी चार-पाच नावं असली तर फारच चांगलं, कारण याचा अर्थ सकाळी बाजारात मिळालं तेच शिजलं आहे. आणि बसल्यावर पहिला प्रश्न “आज ताजं काय?” हा विचारा. ताटाचा दर ठरलेला असतो, पण विसवणीची तुकडी किंवा मोठी सुंगटं वरून मागितली तर त्याचे वेगळे पैसे पडतात. ते आधीच विचारायला लाजू नका. तिथली माणसंसुद्धा विचारतात.

वाढणाऱ्याशी मराठीत बोला. गोव्यात मराठी बहुतेकांना कळते, कित्येकांच्या घरी मराठी वर्तमानपत्र येतं. बाईंना ‘बाय’ आणि पुरुषांना ‘बाब’ म्हणालात तर ताटात एखादी किसमूर जास्त पडते, हा माझा अनुभव.

सकाळचं वेगळं. सहा-सातच्या सुमारास सायकलच्या भोंग्याचा पोंय-पोंय आवाज आला की समजावं, पदेर आला. पदेर म्हणजे पाववाला. शब्द पोर्तुगीज, पण आता पक्का गोव्याचा. त्याच्या टोपलीत साध्या पावाशिवाय कोंड्याची पोळी, बाहेरून कडक उंडो आणि बांगडीच्या आकाराचं काकण असतं. हाच पाव घेऊन गावातली चहाची हॉटेलं दिवस सुरू करतात. तिथे पातळ भाजी, सुकी भाजी किंवा दोन्ही मिसळून मागायची, जोडीला मिरचीची भजी किंवा गोडसर केळ्यांचे बन्स. पातळ भाजी म्हणजे वाटाणे किंवा चण्यांची, खोबऱ्याच्या वाटणातली. आपल्या मिसळीइतकी झणझणीत नाही, पण तीत पोळीचा तुकडा बुडवून खाल्ला की दुपारपर्यंत भूक लागत नाही. नऊनंतर गेलात तर भाजी असेल, बन्स मात्र संपलेले असतील.

संध्याकाळी रस-ऑम्लेटचे गाडे लागतात. ऑम्लेटवर शागोतीचा, म्हणजे भाजलेल्या खोबऱ्याच्या मसाल्यातल्या कोंबडीचा, गरम रस्सा ओतायचा, वर बारीक कांदा, लिंबू, आणि सोबत पाव. पणजी, मडगाव, म्हापसा, फोंडा, कुठल्याही गावात दिवेलागणीनंतर दिसेल. उभ्याने खायचं, दहा मिनिटांत हात धुवायचे. रात्रीच्या जेवणासाठी किनाऱ्यावर दोन तास ताटकळण्यापेक्षा हे मला कधीही पटतं.

वर्षाचा हिशेबही ठाऊक असलेला बरा. १ जून ते ३१ जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारीला बंदी असते. बऱ्याच माशांची वीण होते ती याच काळात, आणि ती होऊ द्यायलाच हवी. तेव्हा कुणी ताजी विसवण देतो म्हणाला तर ती बर्फातली किंवा लांबून आलेली, हे समजून घ्यावं. पण त्या दिवसांत खाणावळीत खाण्यासारखं खूप असतं. नदीतला आणि खाजन (खाडीकाठच्या बांध घातलेल्या) शेतांच्या मानशीत, म्हणजे पाण्याच्या दारात, मिळणारा मासा, आणि पुरुमेंताचं खारं. पुरुमेंत म्हणजे पावसाळ्यासाठी मे महिन्यात भरून ठेवलेली बेगमी: खारे बांगडे, सुकी सुंगटं, सोलं, मिरच्या. बाहेर पाऊस कोसळत असताना उकड्या तांदळाची पेज आणि भाजलेलं खारं यांची चव मला सांगता येणार नाही, ती घेऊनच बघावी. श्रावणात बऱ्याच हिंदू खाणावळी शाकाहारी होतात आणि चवथीच्या, म्हणजे गणपतीच्या दिवसांत तर कित्येक पूर्ण बंद असतात. मालक गावी गेलेला असतो, त्याच्या घरी गणपती असतो. तेव्हा कुलूप दिसलं तर कुरकुर नको.

गाडी नसली तरी हे सगळं जमतं. कदंब या सरकारी महामंडळाच्या आणि खासगी बसेस पणजी, म्हापसा, फोंडा, मडगाव यांना दिवसभर जोडत असतात. जुन्या गोव्याची चर्चेस बघून झाली की फेरीबोटीने मांडवी ओलांडून दिवाडी बेटावर उतरा. पाच-सात मिनिटांचा प्रवास. पलीकडे शेतं, शांत वाडे आणि एखाद-दुसरी छोटी जागा, जिथे जेवण मिळेल का हे आधी विचारावं लागतं. मिळालं तर नशीब.

आता विनंती. या खाणावळी आपल्यासाठी उघडलेल्या नाहीत. तिथे रोज जेवणाऱ्या माणसाला मधली सुट्टी अर्ध्या-पाऊण तासाची असते आणि तेवढ्यात त्याला जेवून कामावर परतायचं असतं. आपण सुट्टीवर असतो. पाच जणांनी दोन टेबलं जोडून, ताटांचे फोटो काढत, तासभर गप्पा मारत बसलो तर तो दारात उभा राहतो. म्हणून फोटो एखादाच काढा, जेवण झालं की उठा, अनोळखी माणसाला आपल्या टेबलावर जागा द्या. तिथे तशीच रीत आहे. खाणावळ आवडली म्हणून दहा गाड्यांचा ताफा घेऊन जाऊ नका. किनाऱ्यालगतच्या काही साध्या जागांचं पुढे काय झालं, ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे: गर्दी वाढली, भाडं वाढलं, ताटाचा दर दुप्पट झाला आणि जुनं गिऱ्हाईक तुटलं.

सुटे पैसे जवळ ठेवा आणि एकच्या आत पोहोचा. दोनला विसवण संपते, अडीचला हुमण, आणि तीन वाजता बाय चूल विझवून स्वतः जेवायला बसते.