आमदाराची खतावणी

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षी एक गोष्ट शिकवली जाते. व्यवहार झाला की त्याची नोंद झाली पाहिजे. आधी रोजकीर्द, मग खतावणी, मग तेरीज आणि शेवटी ताळेबंद. कोपऱ्यावरचा किराणा दुकानदारसुद्धा उधारीची वही ठेवतो. पण पाच वर्षांसाठी ज्याच्या हाती आपण कारभार सोपवतो, त्या लोकप्रतिनिधीच्या नावाने आपल्यापैकी किती जणांनी एखादे पान उघडले आहे? आपण त्याला पक्षावरून, जातीवरून, फार तर लग्नकार्यातील हजेरीवरून ओळखतो. सभागृहात तो काय करतो, कोणत्या बाजूने मत देतो, हे आपल्याला ठाऊक नसते. ही वही कशी लिहावी, तिच्यात काय सापडते आणि काय सापडत नाही, एवढेच प्रस्तुत लेखात सांगावयाचे आहे.

उदाहरणासाठी मी माझ्या घरचा मतदारसंघ घेतो. आमचे बिऱ्हाड सुरत जिल्ह्यात, तापीकाठी, कामरेजला आहे. बाबा साडीवर भरतकाम करणाऱ्या कारखान्यात आहेत. माझे शिक्षण सुरतेत मराठी माध्यमात झाले आणि आईचे माहेर बेळगावकडचे, म्हणून मी इकडे शिकावयास आलो. गुजरात विधानसभेच्या 182 जागांपैकी कामरेज ही 158 क्रमांकाची. तिथून 2012 साली प्रफुल्ल पानशेरिया, 2017 साली व्ही. डी. झालावाडिया आणि 2022 साली पुन्हा पानशेरिया निवडून आले. तिन्ही वेळा पक्ष एकच, भारतीय जनता पक्ष. लोकसभेसाठी कामरेज बारडोली या राखीव मतदारसंघात मोडते. तिथून 2014, 2019 आणि 2024 साली प्रभुभाई वसावा निवडून आले.

मे 2024 मध्ये मी आयुष्यातले पहिले मत दिले. तेव्हा एक गोष्ट मनाला लागली. शेजारच्या सुरत मतदारसंघात त्या वर्षी मतदान झालेच नाही. काँग्रेसच्या उमेदवाराचा अर्ज फेटाळला गेला, बाकीच्यांनी माघार घेतली आणि 22 एप्रिल रोजी मुकेश दलाल बिनविरोध निवडून आल्याचे जाहीर झाले. कतारगामला राहणाऱ्या माझ्या काकांच्या बोटाला शाई लागली नाही, माझ्या लागली. ज्याला मत देता आले, त्याने त्या मताचे पुढे काय झाले हे पाहावे, असे मला वाटू लागले.

आता मुख्य प्रश्न. आपला प्रतिनिधी सभागृहात कोणत्या बाजूने मत देतो, हे कसे कळणार?

याचे उत्तर काहीसे निराशाजनक आहे. बहुतेक विधेयके आवाजी मतदानाने संमत होतात. अध्यक्ष प्रस्ताव मांडतात, अनुकूल सदस्य एकदा ओरडतात, प्रतिकूल सदस्य एकदा ओरडतात आणि कोणता आवाज मोठा ते अध्यक्ष सांगतात. यात नाव कोणाचेच नोंदले जात नाही. एखाद्या सदस्याने त्या निर्णयाला हरकत घेतली, तर मतविभागणी होते. लोकसभेत त्यासाठी साडेतीन मिनिटे घंटा वाजते, दारे बंद होतात आणि सदस्य आपल्या जागेवरील कळ दाबतात. हिरवा दिवा होकाराचा, तांबडा नकाराचा, पिवळा तटस्थतेचा. मग कोणी कोणते मत दिले, ते नावानिशी कामकाजाच्या वृत्तांतात छापले जाते. मात्र मतविभागणीची मागणी विनाकारण आहे असे अध्यक्षांना वाटले, तर ते सदस्यांना जागेवर उभे करून नुसती मोजणी करू शकतात, आणि तेव्हाही नावे लिहिली जात नाहीत.

घटनादुरुस्तीचे तसे नाही. तिला 368 व्या कलमानुसार एकूण सदस्यसंख्येचे बहुमत आणि हजर राहून मत देणाऱ्यांचे दोन तृतीयांश बहुमत लागते, म्हणून मोजल्यावाचून गत्यंतर नसते. महिला आरक्षणाचे विधेयक 20 सप्टेंबर 2023 रोजी लोकसभेत 454 विरुद्ध 2 मतांनी संमत झाले, हे म्हणूनच आपल्याला नेमके सांगता येते. विश्वासदर्शक ठरावावरही अनेकदा मोजणी होते. 17 एप्रिल 1999 रोजी वाजपेयी सरकार 269 विरुद्ध 270 अशा एका मताने पडले. 4 जुलै 2022 रोजी मुंबईच्या विधानसभेत शिरगणती होऊन एकनाथ शिंदे सरकारला 164 विरुद्ध 99 मतांनी विश्वास मिळाला.

आता याची दुसरी बाजू पाहा. 20 सप्टेंबर 2020 रोजी शेतीविषयक दोन विधेयके राज्यसभेत आवाजी मतदानाने संमत झाली. विरोधकांनी मतविभागणी मागितली होती. मागणी करणारे सदस्य आपापल्या जागेवर नव्हते, असे उपसभापतींचे म्हणणे पडले. पुढे शेतकरी वर्षभर दिल्लीच्या वेशीवर बसले आणि 29 नोव्हेंबर 2021 रोजी ते कायदे रद्द करणारे विधेयकही दोन्ही सभागृहांत आवाजी मतदानानेच संमत झाले. कायदे चांगले होते की वाईट, हा येथे प्रश्न नाही. कामरेजच्या आसपास ऊस पिकवणाऱ्या शेतकऱ्याने विचारले, की राज्यसभेत कोणत्या सदस्याने कोणत्या बाजूने मत दिले, तर दोन्ही वेळचे पान कोरे निघते.

इतरत्र असे नाही. ब्रिटनच्या कॉमन्स सभेत मतविभागणीच्या नावनिशीवार याद्या 1836 पासून प्रसिद्ध होतात. अमेरिकेच्या राज्यघटनेत तर हजर सदस्यांपैकी एक पंचमांश जणांनी मागणी केली, की नावे नोंदवावीच लागतात. आपल्याकडेही ही परंपरा नवी नाही. सप्टेंबर 1928 मध्ये, म्हणजे ज्या वर्षी बारडोलीचा सत्याग्रह झाला त्याच वर्षी, सार्वजनिक सुरक्षा विधेयकावर मध्यवर्ती विधिमंडळात समसमान मते पडली आणि अध्यक्ष विठ्ठलभाई पटेल यांनी आपले निर्णायक मत विधेयकाच्या विरुद्ध टाकले. गांधीनगरच्या विधानसभेची इमारत त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

नावे छापली गेली, तरी आणखी एक अडचण उरते. 1985 साली 52 वी घटनादुरुस्ती होऊन दहावे परिशिष्ट आले. पक्षाच्या आदेशाविरुद्ध मत दिले किंवा मतदानाला गैरहजर राहिले, तर सदस्यत्व जाऊ शकते. पक्षांतराला आळा घालणे हा हेतू योग्यच होता. पण त्यामुळे असे झाले, की मताच्या नोंदीवरून पक्षाचे धोरण कळते, माणूस कळत नाही. माणूस कळावयाचा तर वहीची दुसरी पाने उघडावी लागतात. ती अशी.

पहिले पान हजेरीचे. खासदारांची रोजची हजेरी नोंदली जाते. सभागृहाच्या परवानगीवाचून 60 दिवस गैरहजर राहिल्यास जागा रिक्त जाहीर करता येते, खासदाराची 101 व्या आणि आमदाराची 190 व्या कलमाखाली. मात्र हजेरीची नोंद म्हणजे दिवसभर बसणे नव्हे, हे ध्यानात ठेवावे.

दुसरे पान प्रश्नांचे. लोकसभेत रोज 20 तारांकित आणि 230 अतारांकित प्रश्न घेतले जातात. उत्तरे छापील असतात आणि कोणालाही वाचता येतात. प्रश्न किती विचारले यापेक्षा कशावर विचारले हे पाहावे.

तिसरे पान खाजगी विधेयकांचे. मंत्री नसलेला सदस्यही विधेयक मांडू शकतो, त्यासाठी लोकसभेत शुक्रवारचे शेवटचे अडीच तास राखलेले असतात. असे विधेयक कायदा होण्याची गोष्ट 1970 नंतर घडलेली नाही. तरीही ते वाया जाते असे नाही. गोलकनाथ खटल्याच्या निकालानंतर 1967 साली बॅ. नाथ पै यांनी घटनादुरुस्तीचा संसदेचा अधिकार स्पष्ट करणारे विधेयक आणले. ते संमत झाले नाही, पण नाथ पै जानेवारी 1971 मध्ये याच बेळगावात वारले, त्याच वर्षी 24 व्या घटनादुरुस्तीने तो अधिकार स्पष्ट करण्यात आला.

चौथे पान निधीचे. खासदाराला स्थानिक विकासासाठी 2011-12 पासून वर्षाला 5 कोटी रुपये मिळतात. हे पैसे त्याच्या खिशात येत नाहीत. तो काम सुचवतो, मंजुरी आणि खर्च जिल्हा प्रशासनाकडे असतो. त्यामुळे जमा, मंजूर आणि खर्च हे तीन आकडे वेगळे लिहावेत. आकडे मिळाले नाहीत तर माहितीच्या अधिकाराचा 2005 चा कायदा आहे. सामान्यतः 30 दिवसांत उत्तर द्यावे लागते.

पाचवे पान उमेदवारी अर्जासोबतच्या प्रतिज्ञापत्राचे. सर्वोच्च न्यायालयाच्या 2002 आणि 2003 च्या निकालांमुळे मालमत्ता, कर्ज, शिक्षण आणि फौजदारी खटले हे सर्व त्यात द्यावे लागते. दोन निवडणुकांची दोन प्रतिज्ञापत्रे शेजारी ठेवली, की वाणिज्याच्या विद्यार्थ्याला अधिक सांगावे लागत नाही.

खासदारांपुरती यातली बरीच माहिती पी. आर. एस. लेजिस्लेटिव्ह रिसर्च ही संस्था एकत्र करून सरासरीशी ताडून देते. आमदारांच्या बाबतीत वृत्तांत स्वतः चाळावा लागतो. कामरेजसाठी तो गुजरातीत आहे, आणि गल्लीतल्या मित्रांनी मला ती लिपी लहानपणीच शिकवली आहे.

पण आकड्यांनी फसू नये. आमचे आमदार पानशेरिया डिसेंबर 2022 मध्ये शिक्षण खात्याचे राज्यमंत्री झाले. मंत्री प्रश्न विचारत नाही, तो उत्तर देतो. तेव्हा त्यांच्या पानावर प्रश्नांच्या रकान्यात शून्य दिसले, तर तो आळस समजू नये. मात्र त्यातून मतदाराची एक अडचण निघते. सुरत महानगरपालिका मराठी माध्यमाच्या शाळा चालवते. त्यांत शिक्षक किती आणि रिकाम्या जागा किती, असा प्रश्न विधानसभेत आणावयाचा, तर तो आमच्या आमदारामार्फत येणार नाही. दुसऱ्या मतदारसंघाच्या आमदाराला गाठावे लागेल, आणि शिक्षण खाते आमच्या आमदाराकडे होते तोवर, म्हणजे 2025 पर्यंत, उत्तर देण्याची पाळीही कदाचित त्यांच्यावरच आली असती. वही लिहावयास घेतली नसती, तर दार कोणते ठोठवावे हेच मला समजले नसते.

बाबांना हे फारसे पटत नाही. ते म्हणतात, "अरे, आपण इथे पोटासाठी आलेली माणसं. आपल्याला कोण विचारतो?" मी त्यांना एवढेच म्हणालो, "बाबा, मतदारयादीत भाषेचा रकाना नाही." ते हसले, पण दुसऱ्या दिवशी कारखान्यातल्या दोघांनी आपल्या वॉर्डातल्या नगरसेवकाची अशी वही करता येईल का, असे विचारल्याचे त्यांनीच मला सांगितले.

विद्यार्थी मित्रहो, कर्नाटक विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन आपल्याच गावच्या सुवर्णविधानसौधात भरते. आपल्यात खानापूरचे, गोकाकचे, चिकोडीचे, निपाणीचे विद्यार्थी आहेत. प्रत्येकाने आपल्या आमदाराच्या नावाने एक शंभर पानी वही घालावी. कन्नड वृत्तांत वाचण्यास कन्नड विभागातील मित्र मदत करतील, आकडे जुळवण्याचे काम आम्ही वाणिज्यवाले करू. वर्षअखेर तेरीज जुळते की नाही, ते पुढील अंकात दोन्ही भाषांत छापता येईल.