सागवानाच्या खिडक्यांमागचा राजा

रत्नागिरीत थिबा पॉइंटवर उभं राहिलं की खाली भाट्याची खाडी दिसते आणि तिच्या मुखाशी समुद्र. तिथून जवळच लाल रंगाचा थिबा राजवाडा आहे. नाव राजवाडा, पण तो बांधला ब्रिटिश सरकारने, आपल्या कैद्याला ठेवण्यासाठी. ब्रह्मदेशाचा, म्हणजे आजच्या म्यानमारचा, शेवटचा राजा थिबा हा तो कैदी.

या घराची गोष्ट सागवानाच्या ओंडक्यांपासून सुरू होते. मुंबईत १८६३ साली स्थापन झालेली बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ब्रह्मदेशाच्या जंगलांतून सागवान काढत असे. ओंडके कमी दाखवून महसूल बुडवल्याचा ठपका ठेवत थिबाच्या दरबाराने १८८५ मध्ये कंपनीला सुमारे २३ लाख रुपयांचा दंड ठोठावला. फ्रेंचांशी वाढत चाललेली राजाची जवळीक इंग्रजांना आधीच खुपत होती. दंडाचं निमित्त मिळालं. नोव्हेंबरात फौजा इरावती नदीतून राजधानी मंडालेकडे निघाल्या आणि महिना संपण्याआधी राज्य गेलं. राजा तेव्हा २६ वर्षांचा होता.

आधी मद्रास, मग एप्रिल १८८६ मध्ये रत्नागिरी. रेल्वे नाही, पावसाळ्यात आगबोटी बंद. राजाला त्याच्या माणसांपासून तोडायला याहून सोयीची जागा कुठली? थिबाबरोबर राणी सुपयालत, तिची धाकटी बहीण म्हणजे धाकटी राणी, आणि मुली होत्या. थोरल्या दोघी मंडालेत जन्मलेल्या, तिसरी मद्रासेत. चौथी पुढे रत्नागिरीतच जन्मली. त्याआधी २८ वर्षं, १८५८ मध्ये, इंग्रजांनी दिल्लीच्या बादशाह बहादूरशाह जफरला असंच, पण उलट दिशेने, ब्रह्मदेशातल्या रंगूनला धाडलं होतं.

जवळजवळ २४ वर्षं हे कुटुंब भाड्याच्या बंगल्यांत राहिलं. जागा अपुरी पडे, पैसा पुरत नसे, मंडालेहून आणलेली हिरे-माणकं एकेक करून विकावी लागत. राजा मोठ्या घरासाठी अर्ज करत राहिला. अखेर १९१० मध्ये राजवाडा पुरा झाला. तेव्हा थिबा पन्नाशी ओलांडून गेला होता.

आणि घर खरोखर देखणं झालं. भिंतींना कोकणातला जांभा आणि लाल वीट, वर उतरती छपरं. पावसाचं पाणी झटकन निथळून जावं अशी. पण माणूस थबकतो तो खिडक्यांपाशी. वरच्या बाजूला अर्धवर्तुळाकार, नाजूक कोरलेल्या, रंगीत काचांच्या. पहिल्या मजल्यावर संगमरवरी फरशीचं दालन, मागच्या अंगणात कारंजं. कोकणचा दगड, इंग्रजांचा आराखडा आणि ब्रह्मदेशाची आठवण एकाच इमारतीत अशी दुसरीकडे क्वचितच भेटेल. लाकूडकामाला सागवान वापरलं, तेही ब्रह्मदेशाचं. ज्या लाकडापायी राज्य गेलं, त्याच लाकडाच्या चौकटीतून राजा समुद्राकडे बघत राहिला. बाहेर पडायचं तर परवानगी लागे.

या घरात तो जेमतेम सहा वर्षं राहिला. धाकटी राणी १९१२ मध्ये गेली आणि डिसेंबर १९१६ मध्ये थिबा. १९१९ मध्ये सुपयालत आणि कुटुंब ब्रह्मदेशी परतलं.

थोरली राजकन्या मात्र फिरून रत्नागिरीला आली. राजाच्या पहाऱ्यावरच्या गोपाळ सावंत या मराठी माणसावर तिचा जीव जडला होता. त्याचं लग्न आधीच झालेलं होतं. त्यांची मुलगी टूटू १९०६ ची. राजघराण्यातली ही मुलगी कोकणी मुलखात वाढली, मराठीच बोलू लागली, एका मोटार मेकॅनिकशी लग्न करून संसाराला लागली. दिवस गरिबीचे होते. आई १९४७ मध्ये गेली. टूटू २००० साली, रत्नागिरीकर म्हणूनच. सुपयालतच्या रुबाबाच्या कथा पुष्कळ लिहिल्या गेल्या. त्या मानाने टूटूची कथा फार थोड्यांना ठाऊक आहे, आणि आपल्या दृष्टीने तीच या घराची सगळ्यात जवळची गोष्ट.

राजवाड्यात पुढे सरकारी कामकाज चाललं, विद्यार्थ्यांचे वर्ग भरले. आता तिथे पुरातत्त्व विभागाचं संग्रहालय आहे. थिबाच्या वडिलांनी, मिंडोन राजाने, मंडालेत सागवानी राजवाडा उभारला होता. तो १९४५ मध्ये, दुसऱ्या महायुद्धात, जळून खाक झाला. रत्नागिरीचा उभा आहे.

राजवाडा पाहून झाला की बहुतेक गाड्या समुद्राकडे वळतात. थोडी वाट वाकडी करून शिवाजीनगर भागातही जावं. वस्तीच्या मधोमध थिबा आणि धाकट्या राणीच्या समाध्या आहेत. डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन त्यांच्यापुढे नतमस्तक व्हायला रत्नागिरीपर्यंत आले होते.