डोंगरावरून हॅम रेडिओ: जागा कशी निवडाल?

ईस्ट टामाकीतल्या घरात हॅम रेडिओ लावला, की आधी ऐकू येते ती खरखर. चार्जर, एलईडी दिवे, सोलर इन्व्हर्टर अशा साऱ्या वस्तीचा विद्युत गोंगाट तिच्यात मिसळलेला असतो. उपाय एकच: संच पाठीवर टाकायचा आणि डोंगर गाठायचा. पण कोणता?

आधी उंचीचे गणित पाहू. १४४ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या व्हीएचएफ लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. उंचीच्या (मीटरमध्ये) वर्गमूळाला ४.१२ ने गुणले, की रेडिओ क्षितिज किती किलोमीटरवर आहे ते कळते. जवळचा मौंगारेई, म्हणजे माउंट वेलिंग्टन, १३७ मीटर उंच आहे. त्याचे क्षितिज सुमारे ४८ किलोमीटर. हुनुआ रांगेतले सर्वोच्च शिखर कोहुकोहुनुई ६८८ मीटर. तिथून सुमारे १०८. म्हणजे उंची पाचपट झाली, तरी पल्ला जेमतेम सव्वादोनपट! शिवाय पलीकडचा माणूसही उंचावर असेल, तर दोघांच्या क्षितिजांची बेरीज होते.

अर्थात हे गणित मोकळ्या बाजूपुरतेच खरे. माझ्या पहिल्या फेरीत वारा चुकवायला मी शिखराखालच्या खिंडीत बसलो आणि तासभर कोणाचाही आवाज आला नाही. शंभर पावले वर चढल्यावर तोच संच बोलू लागला. म्हणून निघण्यापूर्वी नकाशावरच्या समोच्च रेषा पाहा: ज्या दिशेला बोलायचे आहे, तिकडे डोंगर आडवा येतो का?

७ मेगाहर्ट्झच्या एचएफ लहरी आयनांबरावरून परावर्तित होऊन खाली येतात, त्यामुळे तिथे उंची तितकी महत्त्वाची नाही. तिथे लागते ती सुमारे २० मीटर लांबीची द्विध्रुव तार ताणायला मोकळी जागा.

सर्वांत उंच जागा नेहमी सर्वांत चांगली असतेच असे नाही. सिंहगडावर दूरदर्शनचा मनोरा आहे. अशा प्रबळ प्रक्षेपकाशेजारी साधा हातसंच बधिर होतो. वीज कडाडत असेल, तर उघड्या माथ्यावर काठी उभारूच नका.

२००२ मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झालेल्या ‘समिट्स ऑन द एअर’ या उपक्रमात भाग घ्यायचा असेल, तर माथ्यापासून २५ मीटर उंचीच्या आत बसावे लागते, गाडीतून बोललेले चालत नाही आणि गुण मिळवायला किमान चार संपर्क लागतात.

जागेचा मानही राखा. मौंगारेई माओरींसाठी पूर्वजस्वरूप पर्वत आहे. गडाच्या तटात आपण खुंटी ठोकत नाही, तसेच इथेही. कौरी वृक्षांचा रोग मातीतून पसरतो, म्हणून हुनुआत बूट स्वच्छ करा आणि पायवाट सोडू नका.

हा नुसता छंद नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये गॅब्रिएल चक्रीवादळात वीज गेली आणि अनेक भागांत मोबाइल मुके झाले. म्हणून प्रत्येक फेरीनंतर वहीत नोंद करा: कुठून, कोणत्या दिशेला, किती दूर आवाज पोचला. वाईट दिवशी नवा डोंगर शोधायला वेळ नसतो.