वैशाखातील अहिल्या : वेष खरा आणि अंगाला सोसणारा

चैत्रगौरीचे हळदीकुंकू, अक्षय्य तृतीयेचे उदकुंभदान आणि त्यामागोमाग 31 मे रोजी येणारी पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांची जयंती, असा हा मंगल परंतु तापलेला काळ. 2025 साली देवींच्या जन्मास तीनशे वर्षे पूर्ण झाली. त्याआधी 2021 पासून दूरदर्शन संचावर त्यांच्या जीवनावरील हिंदी मालिका घरोघरी पाहिली गेली होती. परिणामी मिरवणुकीत, शाळेत, देवळाच्या सभामंडपात छोट्या अहिल्या दिसू लागल्या. हे दृश्य आम्हांला मनापासून आवडते. मात्र भर दुपारी, चकचकीत कृत्रिम धाग्याच्या शिवलेल्या नऊवारीत, मखमली शेला आणि गळाभर खोट्या दागिन्यांखाली घामाघूम झालेली सात वर्षांची बालिका पाहिली, की त्या आवडीला काळजीची किनार लागल्यावाचून राहत नाही.

पडद्यावरील वेष हा दिव्यांच्या झोतासाठी आणि कॅमेऱ्याच्या डोळ्यासाठी सिद्ध केलेला असतो. दोन दृश्यांच्या मध्ये शेला उतरविता येतो, पंखा लावता येतो, घाम टिपणारी माणसे हजर असतात. आपल्या मुलीला तो वेष वैशाखातल्या डांबरी रस्त्यावर दोन तास वागवावयाचा आहे. कृत्रिम धागा घाम शोषून घेत नाही, वारा आत येऊ देत नाही. घाम वाळल्यानेच अंग थंड होते, आणि येथे तर तो वाळण्याची वाटच बंद होते. मुले मोठ्यांपेक्षा लवकर तापतात, आणि उत्साहाच्या भरात तहानही सांगत नाहीत.

आता गंमत अशी, की अहिल्यादेवींचा खरा वेष मुळात उन्हाळ्याचाच आहे. 1767 साली राज्याची सूत्रे हाती घेतल्यावर त्यांनी नर्मदातीरावरील महेश्वर ही राजधानी केली. निमाडचा तो प्रदेश उन्हाळ्यात कसा भाजून निघतो, हे तिकडे जाऊन आलेल्यांना सांगावयास नको. तेथेच त्यांनी बाहेरून कसबी विणकर आणून वसविले आणि महेश्वरी वस्त्राला राजाश्रय दिला. आज ते वस्त्र बहुधा ताण्यात रेशीम आणि बाण्यात सूत असे विणले जाते. हलके, पातळ, अंगाला न चिकटणारे. काठावर किल्ल्याच्या दगडी नक्षीतून उचललेली चटाई आणि वीट असते, नर्मदेची लहर असते. ज्या घरी आजीची जुनी महेश्वरी पेटीत आहे, त्या घराने बाजाराची पायरी चढूच नये असे आम्ही म्हणू.

महेश्वरी नसली तरी अडत नाही. वापरून मऊ झालेले सुती लुगडे सर्वांत उत्तम. सात-आठ वर्षांच्या मुलीला पाच-साडेपाच वार बेताने पुरतात. खरी अडचण पन्ह्याची. मोठ्या बाईच्या लुगड्याचा पन्हा मुलीच्या कमरेशी दुमडला, की तेथे कापडाची जाड वळकटी होते आणि नेमकी तीच उकडते. म्हणून वरचा काठ अलगद सोडवावा, पन्हा मुलीच्या उंचीप्रमाणे कमी करावा आणि तोच काठ पुन्हा वरच्या कडेला टाक्यांनी बसवावा. मधून निघालेल्या पट्टीची चोळी होते; कोपरापर्यंत बाह्या, पुढे गाठ, आणि अस्तर मुळीच नाही. काष्ट्याच्या नेसण्याखाली परकर लागत नाही, साधी सुती चड्डी पुरे. बाजारातील शिवलेल्या नऊवारीला पुष्कळदा आतून अस्तर असते, आणि निम्मा उकाडा त्या अस्तराचाच असतो.

रंगाचा प्रश्न मात्र नाजूक आहे, आणि तो टाळून पुढे जाणे आम्हांला प्रशस्त वाटत नाही. 1754 साली कुंभेरीच्या वेढ्यात खंडेराव पडले. तेव्हापासून देवींनी शुभ्र वस्त्र धारण केले, आणि हातावर शिवलिंग घेतलेली त्यांची जी मूर्ती आपल्या मनात आहे ती त्याच वस्त्रातली आहे. हे ठाऊक असलेल्या आजीचा हात नातीला पांढरे नेसविताना अडखळतो. त्या अडखळण्याची थट्टा कोणी करू नये. तिच्यामागे लेकीबाळींच्या सौभाग्याची काळजी आहे. तथापि आमचे मत विचाराल तर शुभ्र वस्त्रात अशुभ काही नाही. साक्षात शारदेचे वस्त्र शुभ्रच आहे. ज्या स्त्रीने काशीविश्वनाथाचे मंदिर 1780 साली पुन्हा उभे केले, सोमनाथाला नवे देवालय बांधून दिले, तिच्या वस्त्राची स्मृती मुलीच्या अंगावर येणे याहून मंगल काय असावे? शिवाय भर उन्हात पांढऱ्याइतका सोयीचा रंग नाही. तरीही मन घेत नसेल तर मोतिया किंवा केतकी रंग घ्यावा. नाहीतर चौंडीची लहानगी अहिल्या उभी करावी. तिला हिरवे, आंबा रंगाचे, काहीही शोभेल. सक्तीने नेसविलेले पांढरे आणि आजीचे भरलेले डोळे, हा सोहळा कोणाच्याच उपयोगाचा नाही.

सोवळ्याचा मुद्दाही काही घरांतून निघतो. पूजेला बसावयाचे तर रेशीम हवे, सूत कसे चालेल? धुऊन, कोणाचा स्पर्श न होऊ देता वाळविलेले सुती वस्त्रही सोवळेच, ही आपल्या घरांतील जुनी वहिवाट आहे. ऋतूप्रमाणे उपचार बदलणे तर प्रत्यक्ष देवालाही मान्य आहे. पंढरीत गुढीपाडव्यापासून मृगापर्यंत विठुरायाला चंदनाची उटी लागते, थंडीत त्याच्या कानांवर पट्टी बांधली जाते. शिवमंदिरात पिंडीवर या दिवसांत गलंतीची संततधार धरतात. देवाला उन्हाळा आहे आणि अहिल्येचे सोंग घेतलेल्या बालिकेला नाही, असे कसे होईल?

पदर डोक्यावरून घ्यावाच. तो मर्यादेचा आहे तसाच उन्हाचाही आहे. माळव्याच्या आणि निमाडच्या बाया आजही उन्हातून चालताना तो पुढे ओढून घेतात. टाचणी एकच, कानामागे. शेला वगळावा. दागिन्यांविषयी आम्ही थोडे कठोर होऊ: धातूचे पत्रे उन्हात तापतात आणि घामाने मानेला कातरतात. शुभ्र वेषातल्या देवींना त्यांची गरजही नाही, एक रुद्राक्षमाळ पुरे. कपाळी सहाणेवर उगाळलेल्या चंदनाची तीन बोटे आडवी ओढावी. लहान अहिल्या असेल तर कुंकू, नाकात हलकी चापाची नथ, एवढेच.

अनवाणी चालविण्याचा हट्ट मात्र कोणीही धरू नये. देवळाच्या फरशीवर ठीक, पण तापलेल्या डांबरावर कोवळे तळवे भाजतात. साधी तपकिरी चप्पल लुगड्याच्या काठाखाली दिसतसुद्धा नाही. मिरवणूक ठरविणाऱ्यांनी सकाळी नऊच्या आत किंवा सायंकाळी पाचनंतरची वेळ धरावी, आणि मुलांच्या रांगेबरोबर पाण्याची कळशी व पन्हे न्यावे. मोठ्यांना सरबत आणि मुलांना घोषणा, असा प्रकार आम्ही पाहिला आहे.

राहिले हातातले शिवलिंग. बाजारातील प्लॅस्टिकचे घेऊ नये, आणि देव्हाऱ्यातील बाणही मिरवणुकीत नेऊ नये. महेश्वरास मातीची पार्थिव लिंगे करून पूजेनंतर नर्मदेत विसर्जित करण्याचा लिंगार्चनाचा प्रघात देवींच्या काळापासून चालत आला आहे. त्याच रीतीने आदल्या संध्याकाळी मुलीकडूनच कालवलेल्या मातीचे छोटे लिंग करवून घ्यावे. उजव्या तळहातावर बेलाचे पान, त्यावर ते ठेवावे. ओल्या मातीचा गारवा हाताला बरा वाटतो. घरी परतल्यावर मुलीला आधी पाणी द्यावे, लुगडे साध्या पाण्यातून काढून सावलीत वाळत घालावे, आणि लिंगाचे विसर्जन तिच्याच हातून बादलीत करून ते पाणी अंगणातील झाडाच्या मुळाशी ओतावे.