कंपनी डेलावेअरची, खुर्ची शिरगावची
(लेखमाला : ऑनलाइन धंद्याची कागदपत्रं – भाग ७)

‘घरबसल्या अमेरिकेत कंपनी काढा’ ही जाहिरात मोबाइलवर दिसली नाही असा ऑनलाइन धंदेवाला आता सापडणार नाही. कुणी डेलावेअर म्हणतं, कुणी एस्टोनिया, कुणी दुबई, कुणी सिंगापूर. प्रत्येकाचा कराचा दर ठळक अक्षरांत छापलेला असतो. एक प्रश्न मात्र जाहिरातवाले सोयीस्करपणे गाळतात : कंपनी चालवणारा माणूस रोज कुठे बसून काम करतो?

समजा, तो शिरगावात बसतो. मावळातलं शिरगाव, प्रतिशिर्डीचं. छोट्या दुकानदारांचा स्टॉक सांभाळणारं सॉफ्टवेअर त्यानं तयार केलंय आणि दरमहा वर्गणी भरणारी गिऱ्हाइकं अमेरिकेत नि ऑस्ट्रेलियात आहेत. परदेशी कंपनीचा मोह त्याला करापेक्षा पैसे घेण्याच्या सोयीसाठी होतो. स्ट्राइपनं २०२४ पासून भारतात नवं खातं फक्त निमंत्रणावर द्यायला सुरुवात केली, आणि त्याच स्ट्राइपची ‘अ‍ॅटलास’ सेवा २०१६ पासून डेलावेअरमध्ये कंपनी काढून देते. इथलं दार अर्धं लावलेलं आणि तिकडचं सताड उघडं, मग माणूस तिकडे वळणारच. पण परदेशी कार्डावरचे पैसे इथल्या कंपनीलाही घेता येतात. पेपालनं १ एप्रिल २०२१ पासून देशांतर्गत व्यवहार बंद केले, परदेशी गिऱ्हाइकांकडून पैसे घेणं चालूच ठेवलं. इथले काही गेटवेही परदेशी कार्डं घेतात. कमिशन जरा जास्त जातं, हे खरं.

डेलावेअरची कंपनी म्हणजे नक्की काय मिळतं, तेही पाहून घ्या. विल्मिंग्टन शहरात १२०९ नॉर्थ ऑरेंज स्ट्रीट या पत्त्यावर एक बसकी इमारत आहे. २०१२ च्या सुमारास या एका पत्त्यावर २,८५,००० कंपन्या नोंदलेल्या होत्या. तुम्हाला मिळतो तो असाच एखाद्या एजंटचा पत्ता. त्या पत्त्यासाठी एजंटची वार्षिक फी, शिवाय कंपनी एलएलसी प्रकारची असेल तर दरवर्षी १ जूनपर्यंत राज्याला ३०० डॉलर, धंदा होवो न होवो. एकट्या परदेशी मालकाची एलएलसी असेल तर अमेरिकेच्या आयकर खात्याकडे ५४७२ नंबरचा फॉर्म जातो. मालकानं खिशातून घातलेलं भांडवलसुद्धा त्यात दाखवावं लागतं, आणि फॉर्म राहिला तर दंड २५,००० डॉलर. जाहिरातीत ही ओळ मला तरी कधी दिसलेली नाही.

आता आपल्याकडची बाजू. कंपनीची नोंदणी कुठेही असो, तिचे महत्त्वाचे निर्णय भारतात बसून घेतले जात असतील तर ती कराच्या दृष्टीनं भारतीय रहिवासी ठरते. ही तरतूद २०१५ च्या अर्थसंकल्पानं आणली आणि २०१७ पासून ती लागू झाली. यातून लहान धंद्यांना सुटका आहे असं सांगणारे सल्लागार भेटतील, आणि ते खोटं बोलत नाहीत. ५० कोटी किंवा त्याहून कमी उलाढालीच्या कंपन्यांना ही कसोटी लावू नये, असं परिपत्रक फेब्रुवारी २०१७ मध्ये निघालेलं आहे. पण अर्धंच सांगतात. कंपनी रहिवासी ठरली नाही तर ती परदेशी कंपनी राहते, आणि तिचं काम शिरगावातल्या खुर्चीवर बसून होत असेल तर त्या कामाचा नफा भारतातच करपात्र होतो. परदेशी कंपनीसाठी दर आहे ३५ टक्के, अधिभार नि उपकर वेगळा. २०२४ पर्यंत तर तो ४० होता. भारतीय कंपनीला सवलती सोडून २२ टक्क्यांचा पर्याय घेता येतो, तो सगळं धरून २५.१७ टक्क्यांवर थांबतो. म्हणजे कर वाचवायला सातासमुद्रापार जायचं आणि जास्त दरानं इथेच भरायचा. सिंगापूरचे १७ टक्के किंवा दुबईचे ९ टक्के तिथे राहून काम करणाऱ्याच्या उपयोगाचे. एस्टोनियाची ई-रेसिडेन्सी २०१४ पासून आहे, छानच सोय आहे, पण ती डिजिटल ओळखपत्र देते. तुमचं करासाठीचं रहिवासीपण ती बदलत नाही.

त्यात रिझर्व्ह बँकेचे नियम. परदेशी कंपनीचे शेअर घेणं ही परदेशातली गुंतवणूक. ऑगस्ट २०२२ च्या नियमांनुसार ती बँकेमार्फत, एफसी फॉर्म भरून, वर्षाला अडीच लाख डॉलरच्या मर्यादेत करायची. मग दरवर्षी ३१ डिसेंबरपर्यंत त्या कंपनीच्या कामगिरीचा अहवाल द्यायचा. क्रेडिट कार्डानं फी भरून मोकळे झालेल्यांपैकी अनेकांना हे पहिल्यांदा कळतं ते सीएच्या टेबलासमोर.

मोठ्या कंपन्या बाहेर गेल्या होत्या, हे खरं आहे. फ्लिपकार्टनं २०११ मध्येच सिंगापूर गाठलं. परदेशी गुंतवणूकदारांना ओळखीचा कायदा हवा होता, आणि इथे शेअरच्या चढ्या किमतीवर लागणारा ‘एंजल टॅक्स’ २०१२ पासून मानगुटीवर बसला होता. तो २०२४ च्या अर्थसंकल्पानं काढला. बाहेर गेलेल्यांचा परतीचा प्रवास मात्र त्याआधीच सुरू झाला होता. फोनपे २०२२ मध्ये सिंगापूरहून परतली, तेव्हा तिच्या गुंतवणूकदारांनी सुमारे ८,००० कोटी रुपये कर भरला. ‘ग्रो’ अमेरिकेतून आली ती १,३४० कोटी भरून. मुंबईत सुरू झालेली झेप्टोही जानेवारी २०२५ मध्ये सिंगापूर सोडून आली. इथल्या शेअर बाजारात उतरायचं तर हे करणं त्यांना भाग होतं. आपल्या पुण्याची फर्स्टक्राय २०१० पासून पुण्यातच नोंदलेली, तिला ऑगस्ट २०२४ मध्ये बाजारात येताना असला प्रवास करावा लागला नाही.

शिरगावच्या माणसाला कंपनीच काढायची असेल तर त्याचं कंपनी निबंधक कार्यालय आकुर्डीत, रेल्वे स्टेशनजवळ आहे. तिथेही जावं लागत नाही, अर्ज ऑनलाइनच भरतात. नोंदणीकृत पत्ता म्हणून गावातलं घर चालतं. दोन महिन्यांपेक्षा जुनं नसलेलं लाइट बिल लागतं, आणि बिल आजोबांच्या नावावर असेल तर त्यांचं ना-हरकतपत्र. कायद्यानं कंपनीच्या नावाची पाटी दाराबाहेर लावावी लागते, आणि ती स्थानिक भाषेच्या लिपीतही असावी लागते. डेलावेअरमधल्या एजंटच्या दाराला ही शोभा नाही. मिळणाऱ्या ओळखक्रमांकात गावाचं नाव येत नाही, पण जुन्या कंपन्यांच्या क्रमांकात पुणं दिसतं. पर्सिस्टंट सिस्टिम्सच्या क्रमांकात ‘पीएन’ म्हणजे पुणे आणि पुढे १९९० हे स्थापनेचं साल आहे. परदेशी गिऱ्हाइकाला दिलेली सेवा ही निर्यात. एलयूटी हे हमीपत्र भरून ठेवलं की त्यावर जीएसटी आकारावा लागत नाही.

कंपनीचं ओझं मात्र इथेही आहे. उत्पन्न शून्य असलं तरी ऑडिट, आणि वार्षिक फॉर्म उशिरा गेला तर दर फॉर्ममागे दिवसाला १०० रुपये. म्हणून गिऱ्हाइकं बोटांवर मोजण्याइतकी आहेत तोवर प्रोप्रायटरशिप पुरते, असं माझं मत. भागीदार आला की एलएलपी. ४० लाखांपर्यंत उलाढाल नि २५ लाखांपर्यंत भांडवल असेल तर एलएलपीच्या कायद्यात ऑडिटची सक्ती नाही.

अमेरिकी गुंतवणूकदार चेक घेऊन उभा आहे आणि डेलावेअरचीच अट घालतोय, किंवा तुम्ही स्वतःच तिकडे राहायला निघालाय, तर गोष्ट वेगळी. तेव्हा डेलावेअर जरूर करा, आधी सीए आणि बँकेशी बोलून.

आणि ज्यांनी आधीच हौसेनं तिकडे कंपनी काढून ठेवली आहे, मग ती झोपलेली का असेना, त्यांना एक विनंती. विवरणपत्रातल्या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात ती दाखवा. हा तक्ता आर्थिक वर्षाचा नसून जानेवारी ते डिसेंबरचा असतो, आणि आयटीआर-१ मध्ये तो नसतोच. १ ऑक्टोबर २०२४ पासून एकूण २० लाखांपर्यंतच्या परदेशी मालमत्तेला, स्थावर सोडून, न दाखवल्याच्या दंडातून सूट मिळाली आहे. त्यापुढे काळ्या पैशाच्या कायद्याखाली दंड १० लाख रुपये आहे. यंदाचं विवरणपत्र भरायच्या आधी सीएला त्या कंपनीबद्दल सांगा.