झरपट आणि यार्देन : कथेमागचा काळ

धर्मग्रंथातील एखादा प्रसंग केव्हा घडला आणि तो केव्हा व कोणासाठी लिहिला गेला, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. परंतु पहिल्या प्रश्नावरच सारी श्रद्धा पणाला लावली जाते आणि दुसरा बहुधा विचारलाच जात नाही. बायबलमधील लेखन ज्या काळात आकाराला आले, त्या काळाच्या संदर्भात ते वाचणाऱ्या अभ्यासपद्धतीला, म्हणजेच ऐतिहासिक चिकित्सेला, पुष्कळ भाविक म्हणूनच संशयाने पाहतात. हा संशय कितपत सार्थ आहे, हे तपासण्यासाठी बल्लारपूर-चांदा (आजचे चंद्रपूर) परिसरातील एक सर्वपरिचित आख्यायिका उपयोगी पडते.

पंधराव्या शतकातील गोंड राजा खांडक्या बल्लाळशहा याची राजधानी वर्धा नदीच्या काठी, बल्लारपूरला होती. त्याच्या अंगावर गाठी व व्रण होते आणि कोणत्याही औषधाचा गुण येत नव्हता. शिकारीला गेला असता तहानेने व्याकूळ होऊन त्याने झरपट नदीच्या कोरड्या पात्रातील एका खळग्यातले पाणी पिऊन तोंड धुतले. त्या रात्री त्याला गाढ झोप लागली आणि सकाळी राणीला व्रण ओसरू लागलेले दिसले. त्या जागी अचलेश्वराचे देऊळ उभे राहिले, तर कुत्र्याचा पाठलाग करणारा ससा जेथे दिसला तेथे चांद्याच्या कोटाची आखणी झाली, असे परंपरा सांगते. मेजर ल्युसी स्मिथ यांच्या 1869 च्या जमाबंदी अहवालात ही हकिकत आली, म्हणजे राजा आणि हा अहवाल यांच्यात सुमारे चार शतकांचे अंतर आहे. सशाची अशीच गोष्ट अहमदाबादच्या स्थापनेविषयीही सांगितली जाते. तरीही इतिहासकार ही आख्यायिका टाकून देत नाही, कारण राजधानी बल्लारपूरहून चांद्याला का गेली आणि नव्या नगराचे दैवत कोणते, याचे एका समाजाने जपलेले उत्तर तिच्यात सापडते.

बायबलच्या जुन्या करारातील दुसरे राजे या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात अशीच एक व्याधिमुक्तीची कथा आहे. अराम देशाचा, म्हणजे दिमिष्कच्या राज्याचा, सेनापती नामान चर्मरोगाने ग्रासलेला असतो. स्वारीत पकडून आणलेली एक इस्राएली मुलगी त्याच्या घरी दासी असते; तिच्या सांगण्यावरून तो शोमरोनातील अलीशा संदेष्ट्याकडे जातो. यार्देन नदीत सात वेळा बुडी मारण्याचा निरोप ऐकून तो संतापतो, कारण दिमिष्कच्या अबाना व पर्पर या नद्या त्याला अधिक थोर वाटतात. अखेर चाकरांच्या समजावणीने तो यार्देनेत उतरतो आणि बरा होतो. भरल्या वर्धेच्या काठी राहणारा राजा झरपटीच्या ओंजळभर पाण्याने बरा व्हावा, तसेच हे आहे. परतताना मात्र नामान एक चमत्कारिक मागणी करतो : इस्राएलच्या देवाची उपासना करता यावी म्हणून दोन खेचरांवर मावेल एवढी तिथली माती त्याला हवी असते.

या मागणीचा अर्थ काळाच्या संदर्भाशिवाय लागत नाही. प्राचीन पश्चिम आशियात देवाचा अधिकार त्याच्या भूमीशी जोडलेला मानला जाई, म्हणून परदेशी उपासनेसाठी त्या देवाची माती हवी. प्रसंग इसवी सनपूर्व नवव्या शतकातला असला तरी राजांच्या पुस्तकांचा शेवट यहूदा राज्याचा कैदी राजा यहोयाखीन याच्या बाबेलातील सुटकेने होतो, आणि ती घटना इसवी सनपूर्व 561 च्या सुमाराची आहे. म्हणजेच या पुस्तकांना आजचे रूप त्यानंतर मिळाले. बाबेलच्या उत्खननात सापडलेल्या मातीच्या पाट्यांवर यहूदाचा राजा यहोयाखीन आणि त्याचे पाच मुलगे यांना दिलेल्या तेलाच्या शिध्याची नोंद आहे. एर्न्स्ट वाइडनर यांनी ती 1939 मध्ये प्रसिद्ध केली. राजघराणे शत्रूच्या कोठारातील तेलावर जगत असताना आणि यरुशलेमचे मंदिर जळून गेलेले असताना ही कथा वाचली गेली, हे ध्यानात घेतले की तिचा रोख बदलतो. बंदिवासातील, म्हणजे बाबेलात नेलेल्या यहूदी लोकांसमोर प्रश्न होता की परक्या मातीवर आपला देव ऐकेल काय. त्यांना या कथेत पकडून नेलेली मुलगी स्वतःसारखी भासली असणार, आणि शत्रूचा सेनापतीही त्याच देवासमोर नमतो हे पाहून देव सीमेपलीकडेही आहे असा धीर आला असणार.

पुरातत्त्वाची मर्यादाही येथेच स्पष्ट होते. उत्तर इस्राएलमधील तेल दान येथे 1993 मध्ये सापडलेल्या अरामी शिलालेखात अरामचा राजा इस्राएलवरील विजयाची बढाई मारतो, त्यामुळे कथेमागचे युद्ध खरे ठरते. यार्देनेत काय घडले, हे मात्र कोणताही दगड सांगू शकत नाही. जी श्रद्धा शिलालेखाच्या पुराव्यावर उभी राहते ती पुढच्या शिलालेखाने ढासळू शकते, तर जी लेखनाचा हेतू समजून घेते तिला उत्खननाची धास्ती उरत नाही. विदर्भात याचे उदाहरण स्टीफन हिस्लॉप यांचे आहे. 1845 मध्ये नागपूरला आलेल्या या स्कॉटिश मिशनऱ्याने मांगलीच्या खडकातील जीवाश्म अभ्यासले, गोंडांच्या परंपरा टिपून घेतल्या आणि 1863 मध्ये टाकळघाटची शिलावर्तुळे पाहून परतताना ते ओढ्यात बुडून मरण पावले. प्रवचन आणि पृथ्वीचा प्राचीन इतिहास यांत त्यांना वैर दिसले नाही.

संदर्भ हरवला की हानी माणसांची होते. त्याच अध्यायाच्या शेवटी अलीशाचा लोभी चाकर गेहजी याला नामानाचा रोग पिढ्यानपिढ्या जडेल, असा शाप आहे. अशा वचनांच्या आधारे कुष्ठरोग्यांना पापी ठरवले गेले. वस्तुतः लेवीय या पुस्तकातील संबंधित नियम कापडावरील आणि घराच्या भिंतीवरील डागांनाही लागू होतात, त्यामुळे तेथे एकच आजार अभिप्रेत नाही. आणि कुष्ठरोगाचा जंतू हान्सेन यांनी 1873 मध्ये शोधला. वरोऱ्याजवळ कुष्ठरोग्यांसाठीचे आनंदवन उभे राहिलेल्या जिल्ह्यात हा भेद केवळ पुस्तकी राहत नाही. शुद्धाशुद्धतेचे हे नियम माहीत असलेल्या वाचकालाच येशूने अशा रोग्याला हात लावण्यातले धाडस कळते.

नामानाची कथा येशूने नासरेथच्या सभास्थानात पुन्हा काढली, असे शुभवर्तमानकार लूक लिहितो. इस्राएलात रोगी पुष्कळ असताना शुद्ध झाला तो परदेशी, एवढे ऐकताच गावकरी त्याला कड्यावरून लोटायला निघाले. ते का चिडले, हे अरामचे युद्ध आणि बाबेलचा बंदिवास ठाऊक असल्यावरच समजते. आणि ते समजले की आपल्या दाराबाहेर कोणाला ठेवले आहे, हा प्रश्न आजच्या वाचकालाही चुकवता येत नाही.