वाटीभर चिनी माती, साडेतीनशे किलो सोनं

बुधवारी किंवा रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात चक्कर मारली, की पितळी कुलपं, ग्रामोफोनच्या तबकड्या आणि गंजलेले पाने यांच्या गर्दीत मीना चढवलेली, गुलाबी फुलांची एखादी चिनी मातीची बशी हमखास नजरेला पडते. ‘अँटिक आहे, साहेब,’ असं म्हणत विकणारा आकडा सांगतो आणि आपण ती खाली ठेवतो. अशा बशीची किंमत कुठपासून कुठपर्यंत जाऊ शकते, हे मात्र एकदा बघण्यासारखं आहे.

एप्रिल 2023 मध्ये हाँगकाँगला सदबीजच्या लिलावात एक मीनाकाम केलेली वाटी विकली गेली. व्यास 11.3 सेंटिमीटर, म्हणजे आपली आमटीची वाटी. किंमत 19 कोटी 82 लाख हाँगकाँग डॉलर. रुपयांत 200 कोटींच्या वर. त्या महिन्यात सोनं दहा ग्रॅमला साठ हजारांच्या आसपास होतं. त्या भावानं लक्ष्मी रोडवर हिशेब केला, तर वाटीच्या बदल्यात जवळजवळ साडेतीनशे किलो सोनं येतं. आणि हीच वाटी 1985 मध्ये 11 लाख हाँगकाँग डॉलरला गेली होती. 38 वर्षांत 180 पट!

वाटी अठराव्या शतकातली, छिएनलुंग बादशहाच्या काळातली. अशा वाटीचं कोरं पांढरं अंग चिंगदेचेनच्या भट्टीत सुमारे 1300 अंशांवर भाजायचं, मग हजार किलोमीटरहून दूर बीजिंगच्या राजवाड्यात न्यायचं, तिथं रंगवायचं आणि 700-800 अंशांवर पुन्हा भाजायचं. 1637 सालचा एक चिनी ग्रंथ सांगतो, की साधा पेला पुरा व्हायला 72 हातांखालून जातो. मला सगळ्यात थक्क करतो तो त्यातला गुलाबी रंग. तो सोन्यातून येतो. सोन्याचे कण इतके सूक्ष्म करतात, की डोळ्याला पिवळं दिसतच नाही, गुलाबी दिसतं. साडेतीनशे किलो सोन्याची वाटी, आणि तिच्यातलं खरं सोनं चिमटीतही येणार नाही.

मग जुन्या बाजारातली बशी स्वस्त का? नक्कल हे एक कारण आहेच. बुडावरचा बादशहाचा शिक्का चीनमध्ये शतकानुशतकं नकलला गेला. दुसरं कारण संख्या. एकट्या डच ईस्ट इंडिया कंपनीनं दोन शतकांत युरोपात 4 कोटी 30 लाख नग नेले, असा अंदाज आहे. प्रत्येक नग वीतभर धरून रांग लावली, तर ती पुण्याहून दिल्लीला तीनदा जाऊन परत येईल. 1752 मध्ये बुडालेल्या या कंपनीच्या एकाच जहाजातून, 1985 मध्ये, दीड लाखाच्या आसपास भांडी वर आली. नुसतं जुनं असणं पुरत नाही.

या गोष्टीचं एक टोक आपल्या कँपात आहे. लाल देवळाच्या, म्हणजे ज्यूंच्या सिनेगॉगच्या, आवारात डेव्हिड ससून यांची कबर आहे. ज्यांचं नाव ससून रुग्णालयाला आहे, तेच. चीनशी कापसाचा आणि अफूचा व्यापार करून हे घराणं गब्बर झालं. त्यांचे पणतू सर पर्सिव्हल डेव्हिड 1892 मध्ये मुंबईत जन्मले. त्यांनी चिनी भाषा शिकून घेतली आणि सुमारे 1,700 चिनी भांडी जमवली. त्यात 1351 सालची तारीख लिहिलेले दोन फुलदाणीवजा कुंभ आहेत. नोव्हेंबर 2024 मध्ये हा संग्रह ब्रिटिश म्युझियमला कायमचा देण्यात आला. किंमत सुमारे 100 कोटी पौंड, म्हणजे दहा हजार कोटी रुपयांहून अधिक. ब्रिटनमधल्या कुठल्याही संग्रहालयाला मिळालेली ही सर्वांत मोठ्या किमतीची देणगी. सरासरी काढली तर एकेका भांड्याला सहा कोटी पडतात. अफूच्या पैशाचा डाग मी विसरू शकत नाही, पण माणसानं आयुष्य घालून जपलेलं हे काम थोर आहे, असंच माझं मत आहे.

लंडन लांब आहे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सर रतन आणि सर दोराबजी टाटा यांनी दिलेली चिनी भांडी आहेत. सकाळच्या डेक्कन क्वीननं निघालात, तर ती बघून संध्याकाळच्या डेक्कन क्वीननं परत येता येतं. एकदा जाऊन या, आणि तो गुलाबी रंग जवळून बघा.